उघड्या दाराची साक्ष

आमच्या प्रार्थनामंडळात दर बुधवारी एकानं उठून आपला अनुभव सांगायचा, अशी पद्धत आहे. कुठं पाय घसरला, देवानं हात कसा दिला, आता कसं बरं चाललंय. वेळ दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला हेडबाई घंटी वाजवतात. हेडबाई म्हणजे मंडळाच्या प्रमुख, पूर्वीच्या मुख्याध्यापिका. त्यांची शाळा सुटून बारा वर्षं झाली, पण पाटी काही फुटलेली नाही. त्यांनीच एक नियम घातलाय. अनुभव सांगून झाला की घरच्या कुणीतरी उभं राहून "हे खरं आहे" एवढंच म्हणायचं आणि बसायचं. त्यांचं म्हणणं, देवाबद्दल बोलायला लागलं की माणूस पदरचं घालतोच; घरचं माणूस समोर असलं की जरा आवरतं घेतो.

माझ्या नवऱ्याची बेकरी आहे, आणि मंडळात ह्यांच्या अनुभवाइतका दुसरा कुणाचा चालत नाही. वर्षातून एकदा ह्यांची पाळी येते, त्या दिवशी खुर्च्या कमी पडतात. हे सांगतात ते असं : मी प्यायचो. भट्टी पेटती ठेवून प्यायला जायचो, पाव कोळसा व्हायचे. आठ वर्षांची मुलगी माझ्या पावलांवरून ओळखायची आणि आईला सांगायची, "आज दोन पायऱ्या चुकल्या." शेवटी एक दिवस मीच बायकोला म्हटलं, मला मैद्याच्या खोलीत कोंड आणि नऊ दिवस कितीही ओरडलो तरी दार उघडू नकोस. तिनं देवाची शपथ घेतली. मी आत ओरडलो, रडलो, भिंतीला डोकं आपटलं. आणि नवव्या दिवशी पहाटे, कुणी हात न लावता, दार आपोआप उघडलं. मी बाहेर आलो, तेव्हापासून थेंब घेतलेला नाही.

इथं बायका डोळे पुसतात. मग मी उभी राहते, "हे खरं आहे" म्हणते आणि बसते.

चौदा वर्षं बसत आले. आता मात्र पंचाईत झाली. मंडळाला पंचवीस वर्षं होणार म्हणून हेडबाईंनी सगळ्यांच्या अनुभवांचं पुस्तक काढायचं ठरवलं. ह्यांचं पान पहिलं. त्याखाली साक्षीदाराची सही हवी, शाईची. त्या पान घेऊन स्वतः बेकरीत आल्या.

"उद्यापर्यंत सही करून द्या. आणि वाचून करा, नुसती कोंबडी काढू नका."

मी वाचलं. 'कुणी हात न लावता' या शब्दांपाशी आले आणि पेन खाली ठेवलं. कारण हात लागला होता. तो माझाच होता.

झालं होतं असं. पहिले दोन दिवस आमचे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन तपासून जात, गोळ्या देत. असं एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी मला चांगलं खडसावून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "शरीराचा धोका टळला. आता उरलंय ते मनाचं. तिथं माझी गोळी चालत नाही." ते गेले. मी बाहेरून कडी घातली आणि पिठाच्या गोण्यांवर बसले. जेवण-पाणी मी भिंतीतल्या खिडकीतून द्यायचे, पिठाच्या पाट्या इकडून तिकडे सरकवायची ती खिडकी. शिव्यांची मला सवय झाली होती. पण त्या दुपारी ह्यांनी शिव्या थांबवल्या आणि अगदी शांत, शुद्धीतल्या आवाजात खिडकीतून म्हणाले, "तुझ्यामुळे पितो मी. तुझं तोंड बघवत नाही म्हणून पितो."

मी उठले. घरात गेले, ह्यांचे कपडे बॅगेत भरले, बॅग आणून दाराशी ठेवली. मग आवाज न करता कडी काढली. देवाची शपथ, नवऱ्याला दिलेला शब्द, सगळं त्या कडीबरोबर सरकलं. म्हटलं, जा बाबा. पी, मर, काहीही कर. जाताना बघवणार नाही म्हणून गोण्यांवर भिंतीकडे तोंड करून पडले. दोन रात्रींची जागी होते, डोळा लागला.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. दार लोटलेलं, बॅग तिथंच, आतून ह्यांचं कण्हणं. म्हणजे ह्यांना कळलंच नाही. बॅग उचलून घरात ठेवली. कडी मात्र परत घालायला हात धजेना. कुठल्या तोंडानं घालणार? पुढचे सहा दिवस मी त्या नुसत्या लोटलेल्या दाराबाहेर बसून खिडकीतून जेवण देत राहिले. आणि नवव्या दिवशी पहाटे हे दार ढकलून बाहेर आले आणि जमलेल्या कामगारांना म्हणाले, "दार आपोआप उघडलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प. तो चमत्कार तिथं जन्मला, आणि सुईण मी.

आता सांगा, तोंडानं 'खरं आहे' म्हणणं वेगळं. शब्द हवेत जातात. पण सही? पुस्तक शंभर वर्षं मंडळाच्या कपाटात राहणार. आणि खरं सांगावं तर ह्यांना काय सांगू? ज्या दारावर तुम्ही चौदा वर्षं उभे आहात ते तुम्हाला घालवून द्यायला उघडलं होतं? देवानं नव्हे, तुमच्यावरचा विश्वास उडालेल्या बायकोनं? ह्यांचा पाय परत घसरला तर? मी दोन दिवस बिस्किटांत मीठ जास्त घालत होते. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आमचा गल्ला सांभाळतात. त्या म्हणाल्या, "वहिनी, गिऱ्हाईक खारी बिस्किटं मागायला लागलंय. नवीन काढलीत का?"

तिसऱ्या दिवशी हेडबाईंचा निरोप आला : सही कुठं आहे.

दुपारची वेळ होती. भट्टी निवत आलेली, कामगार जेवायला गेलेले. हे कणकेचे गोळे तोलून ट्रेमध्ये मांडत होते. ह्यांना तराजू लागत नाही, तरी तोलतात. मी पान समोर ठेवलं.

"मी यावर सही करणार नाही."

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"दार आपोआप उघडलं नव्हतं."

ह्यांनी गोळा ठेवला. दुसरा घेतला.

"कडी मी काढली होती," मी म्हटलं. "नवव्या नाही, तिसऱ्या दिवशी. तुम्ही जावं म्हणून. बॅगही भरली होती."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"बॅग. दोन शर्ट, दोन पँटी, टॉवेल आणि वर निळा स्वेटर. दाढीचं सामान विसरली होतीस."

मी जवळच्या डब्यावर बसले.

"तुम्ही बाहेर आला होतात?"

"त्याच दुपारी. कडीचा आवाज कानावर आला. कितीही हळू काढलीस तरी आत माणूस दुसरं काय ऐकत असतो? दार ढकललं, उघडलं. बॅग दिसली. तू त्या गोण्यांवर. बॅग उचललीसुद्धा. रस्त्याच्या दारापर्यंत गेलो."

"मग?"

"मग थंडी वाजली. स्वेटर काढून घातला. स्वेटर घालताना डोकं आत अडकतं ना क्षणभर, काही दिसत नाही. तेवढ्या वेळात विचार आला, आत्ता बाहेर गेलो तर हा स्वेटरसुद्धा संध्याकाळपर्यंत विकीन. म्हणून परत आलो, बॅग होती तिथं ठेवली, आत गेलो, दार ओढून घेतलं."

तो स्वेटर नवव्या दिवशी ह्यांच्या अंगात होता. मी पाहिला होता. बॅगेत तो मीच ठेवला होता हे विसरून चौदा वर्षं मला वाटत आलं की हे आत जातानाच तो घालून गेले असतील. ज्याला बघायचं नसतं त्याला हत्ती दाखवला तरी तो सोंडेचीच चौकशी करतो.

आता खरं म्हणजे मला भरून यायला हवं होतं. आला तो राग.

"म्हणजे चौदा वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि चौदा वर्षं तुम्ही मला भर मंडळात उभं करून खोटं बोलायला लावलंत?"

"मी कुठं लावलं? तूच उठायचीस."

"नियमच आहे तसा."

"मला वाटायचं, तू माझ्यासाठी बोलतेयस."

"मी तुमच्यासाठीच बोलत होते."

"मग तक्रार कसली?"

भिंतीतल्या खिडकीतून वन्सं डोकावल्या. गल्ला सोडून त्या केव्हा तिथं आल्या कुणास ठाऊक.

"काय रे," त्या ह्यांना म्हणाल्या, "आपलं घरचं लफडं देवाच्या नावावर खपवलंस होय?"

"अक्का, तू गल्ल्यावर जा."

"गल्ल्यावर कुणी नाहीये. बोल, का खपवलंस?"

हे हात पुसत बसले. कणीक काही निघत नव्हती. ती पुसून निघत नाही हे ह्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

"त्या पहाटे सगळे विचारायला लागले, कडी कुणी काढली. हिचा चेहरा पांढराफटक. हिनं काढली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न, कधी? का? आणि तूच पहिली म्हणाली असतीस अक्का, शपथ घेतलेली बाई तीन दिवसही टिकली नाही. म्हणून देवाचं नाव घेतलं. त्याला कुणी उलटतपासणी करत नाही."

"आणि खरं का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. "दार उघडं असून तुम्ही आत बसलात. सहा दिवस. हे त्याच्याहून मोठं आहे."

हे लाजले. पन्नाशीचा माणूस, कानापर्यंत लाल. "ते कसं सांगणार? फुशारकी वाटते. आणि मला तरी कुठं कळलं, ते मी केलं का कुणी करवून घेतलं. दार उघडणं सोपं गं. तुझ्यासारखी चिडलेली बाईही उघडते. माझ्यासारख्यानं ते आतून ओढून घ्यावं, हे मला अजून खरं वाटत नाही."

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण चौदा वर्षं ते मनात होतं.

"त्या दिवशी बोललात ते? माझं तोंड बघवत नाही ते?"

"खरं होतं," हे म्हणाले. "बघवायचं नाही. तुझ्या तोंडावर माझाच हिशेब दिसायचा." मग दुसरा गोळा हातात घेऊन म्हणाले, "आता बघवतं. मीठ कमी घाल फक्त."

बुधवारी मी हेडबाईंना सांगितलं, या खेपेला अनुभव मी सांगणार, साक्षीला हे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि घंटी जवळ ओढून घेतली. मी सगळं सांगितलं. शपथ, बॅग, कडी, आणि चौदा वर्षांच्या चौदा खोट्या साक्षी. अकरावं मिनिट झालं, बारावं झालं. घंटी वाजली नाही.

मी बसले. हे उठले. "हे खरं आहे," म्हणाले आणि नियम मोडून उभेच राहिले. "एक दुरुस्ती. ती म्हणाली डोळा लागला. घोरत होती. पहिल्यांदा मला वाटलं भट्टीचा पंखा बिघडला."

पहिल्या हसल्या त्या हेडबाई. मग सगळं सभागृह. मी लाजेनं मेले आणि त्याच वेळी छातीवरून मैद्याची पोती उतरल्यासारखी वाटली. अर्थात शिक्षा चुकली नाही. "चौदा खोट्या साक्षी म्हणजे चौदा बुधवार खुर्च्या तुम्ही मांडायच्या," हेडबाई म्हणाल्या, आणि पहिलं पान फाडून नवं लिहून आणायला सांगितलं. सगळेच खूश झाले असं नाही. मागच्या रांगेतला लाकूडवाला जाताना ह्यांना म्हणाला, "मला बुवा जुनंच आवडायचं. त्यात देव जास्त होता." हे म्हणाले, "मलाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळवाल्याची बायको बेकरीत आली. गेली सहा वर्षं ती आमच्याकडून पाव नेते. मंडळात ह्यांचा अनुभव तिनं सहा वेळा ऐकलाय, सहाही वेळा रडलीय. पाव घेतला तरी निघेना. वन्संनी विचारलं, "अजून काही?"

"वहिनींशी बोलायचं होतं," ती म्हणाली.

मी तिला आत नेलं. ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आमचेही घेतात. कुणाला माहीत नाही. तुमच्या ह्यांचं ऐकायचे तेव्हा वाटायचं, आपलं दार काही देव उघडणार नाही, तेवढं आपलं पुण्य कुठलं. पण काल तुमचं ऐकलं." तिनं पदर हातातून सोडला. "मीही दोनदा बॅग भरलीय हो."

चौदा वर्षांत आम्हाला कुणी काहीही विचारायला आलं नव्हतं. आपोआप उघडणाऱ्या दाराबद्दल विचारणार तरी काय? गोणीवर घोरणाऱ्या बाईला विचारता येतं.

"आधी डॉक्टर," मी म्हटलं. "आपल्या मनानं कोंडाकोंडी करायची नाही. ते म्हणतील तसं. आणि त्यांना स्वतःला सोडायचीय का?"

"कधी म्हणतात हो, कधी म्हणतात तू कोण विचारणारी."

"मग निम्मं काम झालंय."

हे ट्रे घेऊन आत आले. सगळं ऐकलं असावं, कारण ट्रे रिकामा होता. "संध्याकाळी त्यांना इकडे पाठव," तिला म्हणाले. "सांग, बेकरीतलं घड्याळ बंद पडलंय."

"पण ते तर चालू आहे," ती वर बघत म्हणाली.

"मी थांबवतो," हे म्हणाले, स्टुलावर चढले आणि घड्याळ उतरवून त्याचा सेल काढायला लागले. "आल्यावर बोलतो मी त्यांच्याशी. डॉक्टरांकडे जायचं झालं तर सोबत जाईन. आत बसायची वेळ आली तर आतही बसेन. मला त्यातली जरा माहिती आहे."

तिला हसू आलं, त्यातच रडूही आलं. मी तिला खाली बसवलं आणि पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं खऱ्या काळजीचा प्रश्न विचारला.

"शिव्या फार देतात का हो?"

"पहिल्या दिवशी मी मोजत होते," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी त्यातल्या नव्या तेवढ्या मोजल्या. बस, सांगते सगळं."