सुरकुत्यांची वसाहत

फूल करणारा जिवाणू अशी ज्याची ख्याती होती, तो आता नुसता थेंब होऊन बसत होता. सोमवारपर्यंत त्याने फूल केलं नाही, तर त्याची रवानगी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या त्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये होणार होती.

संचालकांनी आडपडदा ठेवला नव्हता. “मॅडम, शीतकपाटात जागा नाही. नोंदीत लिहिलंय फूल, ताटलीत दिसतो थेंब. अशाला सांभाळून काय करायचं?”

सांभाळायचं कारण मॅडमकडे होतं. हा जिवाणू ज्या दलदलीतून आणला होता, ती केव्हाच बुजवली होती. तिथे आता गाड्या उभ्या राहत होत्या. मूळ नमुन्याची कुपीही संपली होती. मॅडमच्या हातातला हा वंश गेला, की गेलाच.

प्रयोगशाळेत सगळे तिला मॅडम म्हणत आणि घरी तिची नणंद वहिनी म्हणे. आपणही वहिनीच म्हणू.

आता फूल म्हणजे काय ते सांगायला हवं. एकटा जिवाणू इतका लहान, की डोळ्यांना दिसायचा नाही. पण लाखो एकत्र राहू लागले की ते कामं वाटून घेतात. काही जण चिकट डिंक तयार करतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. गर्दी वाढली, पसरायला जागा उरली नाही, की दाटीवाटीने बसलेली ती चादर वर उचलली जाते आणि तिला सुरकुत्या पडतात. सुरकुत्यांच्या खालून बारीक पाट तयार होतात, त्यांतून पाणी आणि अन्न आतपर्यंत पोचतं. काही जागी मनोरे उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर वाईट दिवसांसाठी टणक बीजाणू साठवले जातात. ना मुकादम, ना नकाशा, तरी वस्ती उभी राहते. वरून पाहिलं तर पाकळ्यांचं फूल.

ते फूलच आता होत नव्हतं. वहिनीने अन्न वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. ताटलीतला अगरचा, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात त्या जेलीचा थर कोरडा केला, ऊब बदलली. प्रत्येक सकाळी तोच गोल, गुळगुळीत, चकचकीत थेंब. तेलाचा म्हणा ना. पण हार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. बुधवारी ती पुन्हा नवी ताटली घेऊन बसली.

दुपारी नणंद धापा टाकत आली. ती शाळेची बस चालवते. सकाळची मुलं सोडल्यावर तिला दोन तास मोकळे मिळतात.

“वहिनी, घराची किल्ली तुझ्या पर्समध्ये आणि मी उन्हात दाराशी! फोन उचलशील तर शपथ.”

“हातात मोजे होते गं. बस जरा.”

“अजून रुसलाच आहे का तुझा लाडका?”

“रुसलाय. आणि माझे खांदे भरून आलेत. मोजे घाल, एक ताटली तू कर. मातीतला साधा जिवाणू आहे, चावणार नाही.”

नणंदेने मोजे चढवले. वहिनीने तिच्या हातात लूप दिला. म्हणजे टोकाला बारीक कडं असलेली तार. जुन्या ताटलीतल्या ठिपक्यांपैकी, म्हणजे वसाहतींपैकी, एक त्या कड्याने उचलायचा आणि नव्या ताटलीत रेघा ओढून पेरायचा. वंश असाच पुढे चालतो.

“कोणता उचलू? इथे पंचवीस-तीस तरी आहेत.”

“गोल बघ. नितळ, चकचकीत, एकटा बसलेला.”

“जिवाणू बघतेस की स्थळ?”

“चावटपणा पुरे. उचल.”

“आणि हा कडेचा का नको? तोंड वेंगाडून बसलेला.”

“तो चिवट असतो. लूपला लागला की पाकाची तार सुटल्यासारखा ओढला जातो, सगळी ताटली बरबटते. तसले मी कधीच…”

वहिनी मध्येच थांबली.

“कधीच काय?”

“कधीच घेत नाही,” वहिनी हळू म्हणाली.

तिने नणंदेच्या हातातून लूप काढून घेतला आणि ताटली उजेडात धरली. तिचं काम नीटनेटकं म्हणून सगळे वाखाणत. तिच्या ताटल्या नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवत. आणि तो नीटनेटकेपणा यायचा कुठून? दर वेळी गुळगुळीत ठिपका निवडण्यातून.

“अगं, तो चिवट का होता? डिंक होता म्हणून! आणि डिंकाशिवाय सुरकुती पडणार कशी? मीच वर्षानुवर्षं डिंकवाले गाळत आले.”

“म्हणजे शांत मुलं वरच्या वर्गात आणि वाकडी तेवढी घरी?”

“अगदी तसंच.”

“मग बसलीस काय? घे की त्या वेंगाड्याला.”

वहिनीने घेतला. तो खरंच दोऱ्यासारखा ओढला गेला, पेरणी वाकडीतिकडी झाली. तशी बरबटलेली ताटली तिने आयुष्यात कुणाला दाखवली नसती. तिने ती इनक्युबेटरमध्ये, उबेच्या पेटीत ठेवली आणि नणंदेला किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर थेंब. नणंद संध्याकाळी म्हणाली, “वेंगाडाही बिघडला वाटतं.” वहिनीने ताटली हलवली नाही, अन्न बदललं नाही. घाई केली तर वस्ती मोडते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शुक्रवारी थेंबाची चकाकी गेली. शनिवारी मधोमध एक बारीक वळी दिसली आणि वहिनीने श्वास रोखून झाकण परत लावलं.

सोमवारी संचालक आले. मागे एक मदतनीस कपाटातलं कुकरमध्ये न्यायला टोपल्या घेऊन उभा होता. वहिनीने ताटली भिंगाखाली सरकवली.

संचालक वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मधून कडेकडे पाकळ्या निघाल्या होत्या. पाकळ्यांच्या कण्यावर पांढुरके मनोरे उभे होते.

“हा तोच कशावरून? बाहेरचा एखादा शिरला असेल.”

“शंका रास्त आहे. म्हणून नमुना ओळख पटवायला पाठवलाय. निकाल येईपर्यंत त्याला कुकरमध्ये घालू नका.”

“ठीक. हा एक राहू दे.”

इथे वहिनी गप्प बसली असती तर तिचा जिवाणू वाचलाच होता. तिने खुर्ची मागे सारली.

“सर, एकाने भागणार नाही. या कपाटातले बाकीचेही माझ्याच हातचे आहेत, असेच निवडलेले. त्यांच्यातही मी काय काय गाळलंय, मला माहीत नाही. एकेक उघडून बघावा लागेल.”

“मॅडम, तुम्ही कुणाविरुद्ध बोलताय, लक्षात येतंय ना?”

“येतंय. माझ्याच.”

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आणि यापुढे निवड कशी करणार?”

“करणारच नाही. वाकडे, सरळ, बरेचसे एकत्र उचलणार. ताटल्या घाण दिसतील.”

मदतनिसाने टोपल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. संचालकांनी त्याला मानेनेच परत जायला सांगितलं.

“किती दिवस लागतील?”

“ते जिवाणूंना विचारावं लागेल,” वहिनी म्हणाली, आणि तिने कपाटाचा सर्वांत वरचा कप्पा ओढला.