एकट्याच्या तीन गोळ्या

आधीच सांगते, माझं डोकं लवकर तापतं. माझा नवरा निंगप्पा म्हणतो, काशम्माशी दुपारचं कुणी बोलू नका. आणि त्या दिवशी नेमकी दुपार होती, मार्चचं ऊन होतं, आणि आरोग्य केंद्रातल्या मीटिंगमधी अभिमन्यू सरांनी माझ्यासारख्या सतरा आशाताईंच्या समोर मला विचारलं, "काशम्मा, खरं सांगा, गोळ्या पेशंटच्या पोटात जातात की उकिरड्यावर?"

अभिमन्यू सर म्हणजे टीबीचे सुपरवायझर. तालुक्याहून मोटारसायकलवर येतात, महिन्यातनं दोनदा. माणूस वाईट न्हाय, पण बोलणं असं की समोरच्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. मी म्हणलं, "सर, माझ्या पेशंटच्या गोळ्या माझ्या पेशंटच्याच पोटात जात्यात. रिकामी पाकिटं आणून दिल्यात की तुमाला!"

"मग बिरुदेवचा बेडका अजून पॉझिटिव्ह कसा?" सर म्हणले.

ते तर मीबी रोज स्वतःला विचारत होते. म्हणून तर जास्त राग आला.

आमचं गाव मैंदर्गी सोडून दुधनीकडं जाताना लागतं. निम्मी माणसं कन्नड बोलत्यात, निम्मी मराठी, आणि सरकारी कागद दोघांनाबी कळत न्हाय. तो कळवून सांगणं हेच माझं काम. माझा पेशंट बिरुदेव, वय चौतीस, गावाबाहेर माळावर धनगरांची वस्ती हाय तिथला. घरात चौघंच. बिरुदेव, त्याची बायको पूनम, सहा वर्षांची पोरगी रेश्मा आणि त्याची आई केराबाई. चाळीसभर मेंढरं. दिवाळीपासनं बिरुदेव खोकत होता. जानेवारीत मीच त्याला ओढत केंद्रात नेला, बेडका तपासला, टीबी निघाला. वजन चव्वेचाळीस किलो. त्या वजनाला रोज तीन गोळ्या, तिन्ही एकदम, उपाशीपोटी.

दोन महिने झाले. गडी फुलायला पाहिजे होता. आमच्या गावात दोघं बरी झाल्यात माझ्या हातनं, पंधरा दिवसांत भाकरी मागाया लागली होती. आणि बिरुदेवचं वजन त्रेचाळीस! एक किलो उलटं कमी. बेडका पुन्हा तपासला, तर जंतू हायतच.

आमच्या डॉक्टर वैजयंती मॅडम तरुण हायत, पण पेशंटचं ऐकून घेत्यात. त्यांनी मला आत बोलावलं. म्हणल्या, "कधीकधी टीबी औषधाला दाद देत नाही. तसं असेल तर ह्या गोळ्या उपयोगाच्या नाहीत. वेगळं औषध, जास्त जड. आपण नमुना सोलापूरला पाठवू, आठ दिवसांत कळेल."

"आणि तसं निघालं तर, मॅडम?"

"अवघड असतं," एवढंच म्हणल्या.

बिरुदेवचा चुलतभाऊ तसाच गेला होता, चार वर्षांखाली. मला सगळं आठवलं. तिरडीमागं चालणारी त्याची म्हातारी आई आठवली.

आता माझी चूक सांगते, मग पुढं जाते. नियम असा हाय की गोळी रोज डोळ्यादेखत द्यायची. वस्ती चार किलोमीटर, माझ्याकडं हजारावर माणसं, बाळंतिणी, लसी, सर्व्हे, त्यात मोबाईलमधी भरायची माहिती. मी दर सोमवारी सात दिवसांचं पाकिट द्यायची, मागचं रिकामं परत घ्यायची, आणि कार्डावर सात खुणा एकदम करायची. सगळ्या ताया असंच करत्यात, असं म्हणून मला सुटता येत न्हाय. खुणा मीच केल्या.

पण पाकिटं रिकामी होती! केराबाई ती पुसून, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून ठेवायची. सोमवारी मी गेले की माझ्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "मोज की. एक गोळी हिकडची तिकडं न्हाय." मी मोजायची. बरोबर भरायची.

त्या सोमवारी मी मुद्दाम विचारलं, "मावशी, बिरुदेवची लघवी तांबडी होती का?" कारण ह्या गोळ्या पोटात गेल्या की लघवी तांबडी होतीच. आमच्याकडं तशी चित्रंबी हायत दाखवायला.

"व्हय की," केराबाई म्हणली, "रोज होती."

बिरुदेव बाजंवर बसला होता. म्हणला, "ताई, मी एक दिवस चुकवली न्हाय. बिरोबाची आण." बोलताना त्याला धाप लागत होती. पूनम भाकरी थापत राहिली.

झालं, माझं डोकंच चालेना. गोळ्या जात्यात, लघवी तांबडी होती, पाकिटं रिकामी होत्यात, आणि माणूस वाळत चाललाय. मग गोळ्याच खोट्या असतील का? मी घरी येऊन पाकिटावरची तारीख वाचली, चष्मा लावून परत वाचली. तारीख नीट होती. केंद्रातल्या कपाटात ऊन लागून बिघडल्या का? आमच्या केंद्राचा पत्रा तापतोच तसा. मग म्हणलं, बाकीची दोघं कशी बरी झाली ह्याच कपाटातल्या गोळ्यांनी? निंगप्पा म्हणला, "तू झोपत जा जरा." मी त्याच्यावरबी ओरडले.

गुरुवारी सकाळी मी ठरवलं, आज डोळ्यादेखत. सर म्हणत्यात तसं तर तसं. सात वाजता स्कुटी काढली आणि वस्तीवर गेले, न सांगता.

वाड्याच्या कडंला, जिथं मेंढरं कोंडत्यात तिथं, रेश्मा परकर धरून बसली होती. माळावरची जमीन पांढरी, चुनखडीची. तिच्या पायाखाली जमीन भगवी झाली होती.

मी स्कुटी तशीच टाकली. "अगं बाई, काय गं हे? दुखतंय का? कावीळ झाली का काय तुला?" तिचे डोळे बघितले, जीभ बघितली. पोरगी चांगली ठणठणीत. मलाच हसायला लागली. म्हणली, "आमची सगळ्यांची अशीच होती, ताई. आईचीबी होती."

मी तितंच उभी राहिले. काय समजावं, कळेना. पोरीला टीबी न्हाय, गोळी न्हाय, आणि तांबडं कसं?

आत गेले. केराबाई चुलीपुढं बसली होती. पुढ्यात जर्मनची ताटली, ताटलीत आजच्या तीन गोळ्या. म्हातारीनं विळी पुढं ओढली, एक गोळी पात्यावर धरली आणि बरोबर मधनं कापली. दीड गोळी बिरुदेवपुढं सरकवली. एक पूनमला दिली. अर्धी हातात धरून हाक मारली, "रेश्मे, ये गं, डोस घे."

मी ओरडलेच. "मावशी! हे काय चाललंय? अहो, त्याचं औषध हाय ते! तुमी पोराला मारायला निघालाय का?"

केराबाईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मलाच काय झालंय. भ्यालेली न्हाय, लाजलेली न्हाय. म्हणली, "वरडतीस कशाला? कळपातलं एक मेंढरू खोकलं तर तू एकट्यालाच औषध पाजतीस व्हय? जन्म गेला माझा मेंढरांत. एकाला पाजलं की ते बरं हुतं आणि दुसरं पडतं. पाजायचं तर सगळ्या कळपाला पाजायचं. जनावराच्या दवाखान्यातला डाक्टरबी असंच सांगतो की. विचार जा."

"अहो, पण ही माणसं हायत!"

"मग? माणसाचा खोकला माणसाला लागत न्हाय?" म्हातारी म्हणली. "आणि तूच सांगितलंस की. हितंच बसून, त्या चित्राच्या वहीतनं."

मी सांगितलं होतं. बाई गं, मीच सांगितलं होतं. जानेवारीत ह्याच चुलीपुढं बसून मी म्हणले होते, एकाला टीबी झाला की घरातल्या सगळ्यांना गोळ्या मिळत्यात, आजार होऊ नये म्हणून. ते खरंच हाय. त्या वेगळ्या गोळ्या असत्यात. मी नावं लिहून घेतली होती, केराबाई, पूनम, रेश्मा. पुढच्या आठवड्यात येतील म्हणले होते. आल्या न्हायत. केंद्रात विचारलं की उत्तर यायचं, वरूनच स्टॉक न्हाय. दर सोमवारी केराबाई विचारायची, "आमच्या आल्या का गं?" आणि मी म्हणायची, "न्हाय अजून, येतील," आणि स्कुटीला किक मारायची. त्या वेगळ्या असत्यात हे मी तिला दुसऱ्यांदा कधी सांगितलंच न्हाय.

बिरुदेव मान खाली घालून बसला होता. "आई म्हणली, डाक्टरनी सगळ्यांसाठीच दिल्यात," तो म्हणला. "मला काय ठावं?"

आता मी रागवू कुणावर? म्हातारीवर रागवावं तर तिनं घर वाचवायला केलं. स्टॉकवाल्यांवर रागवावं तर त्यांचं तोंडबी मी बघितलेलं न्हाय. राहिले मी. उभ्याउभ्या रडू आलं मला, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"आणि तुमची कुटंय?" मी केराबाईला विचारलं. "दीड, एक, अर्धी. तुमचा डोस?"

"मला कशाला?" ती विळी पुसत म्हणली. "म्हाताऱ्या मेंढरावर कोण औषध घालवतंय?" आणि तोंडाला पदर लावून खोकली.

तो खोकला मी दोन महिने ऐकत होते. मिसरी लावती, म्हणून खोकती, असं मी धरून चालले होते. घरच्यांच्या तपासणीच्या फॉर्मवर तिच्या नावापुढं मी स्वतः लिहिलं होतं, खोकला नाही.

त्याच दिवशी चौघांनाबी जीपमधी घालून केंद्रात नेलं. मॅडमना सगळं सांगितलं, विळीचं, चित्राच्या वहीचं, माझ्या सोमवारच्या खुणांचंबी. अभिमन्यू सर तितंच होते. मला वाटलं आता हे मला सोलून काढणार. ते नुसते कार्ड उलटंपालटं करत बसले. मग म्हणले, "घरच्यांच्या गोळ्यांसाठी मी तीनदा लिहिलं होतं वर." त्यांचा आवाज त्या दिवशी बारीक होता.

आठ दिवस मला जेवण गेलं न्हाय. अर्ध्यामुर्ध्या औषधानं जंतू चिवट होत्यात, मग कुठल्याच गोळीला ऐकत न्हायत, हे मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं होतं. आधी कुणी समजावलं असतं तर मीबी पुढं समजावलं असतं. ट्रेनिंगमधी आमाला गोळ्यांची नावं पाठ करून घेतली होती, हे न्हाय सांगितलं.

सोलापूरचा रिपोर्ट आला. मॅडमनी फोन केला, "काशम्मा, जुनंच औषध लागू आहे. बिरुदेव बरा होईल. पण पहिल्यापासून सुरू करायचं." माझा जीव भांड्यात पडला. मी "बरं मॅडम" म्हणून फोन ठेवणार, तर त्या म्हणल्या, "थांबा. पूनम आणि रेश्मा ठीक आहेत. केराबाईंना टीबी आहे."

आता मी रोज सातला वस्तीवर असते. पहिल्या दिवशी बिरुदेवला ताटलीत तीन गोळ्या दिल्या, त्यानं एकदम गिळल्या. पूनमच्या आणि रेश्माच्या वेगळ्या गोळ्या त्याच आठवड्यात आल्या होत्या. सरांनी स्वतः आणून दिल्या, पण एका महिन्याच्याच. त्या दोघींना त्या दिल्या. मग केराबाईपुढं ताटली ठेवली. तिचं वजन छत्तीस भरलं होतं. तिलाबी तीनच.

म्हातारी बोटानं एकेक गोळी हलवून बघत होती. "कुणाकुणाच्या ह्या?"

"तुमच्या."

"तिन्ही? माझ्या एकटीला?"

"व्हय मावशी. तुमच्या एकटीला."

तिनं पाण्याचा तांब्या उचलला, तोंडात गोळ्या टाकल्या, गिळल्या, तोंड उघडून दाखवलं. पण आता मी नुसत्या तोंडावर भागवणार नव्हते. मी म्हणलं, "मूठ."

डावी मूठ तिनं मांडीखाली घेतली होती. मी हात धरून बाहेर काढला, बोटं उघडली. एक गोळी होती, घामानं ओली झालेली.

मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणली, हळू आवाजात, रेश्माला ऐकू जाऊ नये म्हणून, "पोरीच्या गोळ्या महिन्यानं संपल्या तर गं? तेव्हाबी न्हायच आल्या तर?"

संपणार न्हायत, येतील, असं माझ्या तोंडावर आलं होतं. दोन महिने दर सोमवारी तेच तर सांगत आले होते. ह्या वेळी मला ते म्हणता येईना. ती माझ्याकडं बघत होती, बिरुदेव बघत होता, पूनमनं भाकरी थापायची थांबवली होती.

"संपायच्या आधी मी तालुक्याला जाऊन बसेन," मी म्हणलं. "मिळाल्या तरच उठेन. पण ही तुमची हाय, मावशी. ही तुमीच गिळायची."

तिनं गोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तांब्या पुढं केला, आणि तिनं ती गिळली.