मसूर वगळून

दुपारची ताटं वाढली जात होती तेव्हा प्रणाली निवेदनाचा शेवटचा परिच्छेद लिहीत होती. अकोल्यातल्या डाळमिल मालकांच्या संघटनेचे अध्यक्ष भगवंतराव हे तिचे सासरे. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली सून घरात आल्यापासून दिल्लीला जाणारं प्रत्येक पत्र तीच लिहायची. या खेपेचं निवेदन एका परदेशाविरुद्ध होतं. त्या देशाने भारताच्या शत्रूला शस्त्रं पुरवल्याची बातमी होती आणि सरकार त्याच्याशी व्यापार बंद करण्याच्या विचारात होतं. बंदी कडक असावी, फळं, कापड, फरशी, काही म्हणता काही येऊ देऊ नये, अशी भगवंतरावांची मागणी होती. फक्त मसूर वगळावा. त्यांची मिल त्याच देशाच्या मसुरावर चालत होती.

हे बरं दिसेल का, असं तिने भीतभीत विचारलं. भगवंतराव शांतपणे म्हणाले, "आपआपला माल वगळा म्हणून सारेच सांगून राहिले. ज्याच्या मागं लोक दिसतात, त्याचंच दिल्ली आयकते."

लोक दिसावेत म्हणून मोर्चा ठरला. पुढे तिचा नवरा नितेश होता. निवेदनाला जोडायचे फोटो काढण्याचं काम प्रणालीकडे आलं.

भाजी बाजारात श्रावण आणि त्याची बायको इंदूबाई हातगाडीवर सफरचंदं विकत होती. पेट्यांवर त्या देशाचं नाव छापलेलं होतं. नितेशने एक पेटी उचलून रस्त्यावर आपटली आणि पोरांनी गाडीच उलटी केली. श्रावण फळं गोळा करायला वाकला. "ठोकवाल्यानं देल्लं तेच इकतो, भाऊ. मले वाचता नाई येत," तो म्हणाला. झेंड्याची काठी त्याच्या कानशिलावर बसली. तो पडला, तसे लाथांवर लाथा सुरू झाल्या. पहिली लाथ नितेशची होती. इंदूबाई नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली, तर कोणीतरी तिचा हात बुटाखाली चिरडला. हाड मोडल्याचा आवाज प्रणालीला ऐकू आला. तिच्या हातातल्या मोबाइलवर सगळं उतरत होतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात श्रावणचा जीव गेला.

भगवंतराव दिल्लीला जाऊन आले. पंधरवड्यात आदेश निघाला. सगळ्यावर बंदी, मसूर वगळून. घरात पेढे वाटले गेले. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी प्रणालीपुढे कोरा कागद ठेवला.

"श्रावणनं आंधी चाकू काढला, असं लिहून दे. तू होती तिथं. तुयं म्हणणं मानतीन पोलीस."

"त्याच्या हातात सफरचंद होतं, मामाजी."

नितेशने मोबाइल मागितला. तिने दिला नाही. त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं, तिचा ओठ फाटला, पदर रक्ताने भिजला. सासू मैनाबाई दारात खाली मान घालून उभी होती. नितेशचा हात पुन्हा उठला, तेव्हा तिने पुढे होऊन कधी नव्हे तो त्याचा हात धरला. तेवढ्यात प्रणाली अनवाणीच बाहेर पडली आणि तिने ऑटो थांबवला.

पोलीस ठाण्याच्या बाकावर इंदूबाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती रोज येऊन बसायची. तिने प्रणालीला ओळखलं.

"फोटो काढत होती ते तूच ना?"

"हो."

"मंग त्याले मारत होते तवा काहून नाई बोल्ली?"

प्रणालीने मोबाइल हवालदाराच्या टेबलावर ठेवला. मारणारा कोण ते सांगा, एवढंच तो विचारत होता. काठी कोणाची, लाथ कोणाची, हे तिने नवऱ्याच्या नावासकट सांगितलं. पण श्रावण नुसत्या काठी-लाथांनी मेला नव्हता, हे तिला पक्कं कळलं होतं. तिने हवालदाराला पहिलं वाक्य खोडायला लावलं आणि जबाब पुन्हा सुरू केला.

"लिहा. निवेदन मी लिहिलं होतं."