चालेल इतका फरक

फैझलच्या चार पिढ्या पुण्याच्या कसबा पेठेत गेलेल्या, त्यामुळे टोमणा मारायला त्याला वेगळी तयारी लागत नसे. वारज्याच्या ऑफिसात तो रुग्णाला मोजून औषध देणाऱ्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमचा प्रमुख होता. जुना, पायथॉन या संगणकभाषेतला कोड त्याने स्वतः जावा या दुसऱ्या भाषेत आणला होता. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, आल्या म्हणून आठवडाभर स्वारी कॉलर ताठ करून फिरत होती.

सोमवारच्या मीटिंगमध्ये भंडाऱ्याहून आलेली नवी मुलगी, स्पृहा, म्हणाली, "सर, तान्ह्या बाळांच्या डोसचे आकडे जुळत नाहीत. तरी टेस्ट पास होतेय. फाइल पाठवलीय मी."

"अहो स्पृहाताई," फैझल म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये दशांश तंतोतंत जुळत नसतात. जवळपास आले की बरोबर म्हणायचं. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. भंडाऱ्यात त्या दिवशी सुट्टी असेल बहुतेक."

सगळे खो खो हसले. ती खाली मान घालून बसली.

गुरुवारी दुपारी मॅनेजर आनंदसर त्याच्या टेबलाशी आले. "स्पृहाला कायम करायचं का, ते आज कळवायचंय. सोमवारचं ऐकून मला तर बेसिकच कच्चं वाटतंय. नाही म्हणू?"

"संध्याकाळी सांगतो, सर."

नकाराला पुरावा हाताशी असावा, एवढ्यासाठीच त्याने तिची फाइल उघडली. डोस हवा होता ०.०२० मिलिग्रॅम, आला होता ०.०१२. पंप बाळाला साठ टक्केच औषध देणार होता, आणि टेस्ट हिरवीगार. मग त्याला दिसलं. जुन्या टेस्टमध्ये ०.०१ म्हणजे शंभरात एक एवढा फरक चालेल, असा अर्थ होता. त्याने तोच आकडा जसाच्या तसा जावात उतरवला होता, आणि तिथे त्याचा अर्थ थेट ०.०१ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या डोसात तो फरक कुठल्या कुठे जिरतो. बाळाच्या डोसाचा तो निम्मा होता.

त्याचे कान तापले. त्याने टेस्ट दुरुस्त केली, डोस कमी काढणारी भागाकारातली चूकही शोधून काढली, आणि बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. कोणाला कळणार होतं? आपण असा विचार करू शकतो, याचीच त्याला जास्त लाज वाटली. ते दोन शब्द त्याने पुसले आणि तो आनंदसरांकडे गेला.

पण तिचं हसं झालं होतं सगळ्यांसमोर. म्हणून शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला. "चूक माझी होती. स्पृहाचं बरोबर होतं. आनंदसरांनी तिला कायम केलंय. मी तिची फाइल न बघताच बोललो."

"माहीत होतं, सर," स्पृहा म्हणाली. "फाइल कोणी उघडली ते दिसतं त्यात. गुरुवारपर्यंत एकच नाव होतं, माझं."

निदान आता तरी कोणीतरी हसावं, असं फैझलला फार वाटलं. कोणी हसलं नाही.