वरची टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर झाकण नाही. ही झाकणाची गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिच्यापायी एका भल्या माणसाचे आयुष्य वाया गेले, आणि ते वाया घालवणारे लोक चांगले शिकलेसवरलेले होते.

माझा जन्म एका टोपल्या विणणाऱ्या म्हातारीच्या अंगणात झाला. आम्ही तिघी बहिणी एकाच आठवड्यात तिच्या हातून उतरलो. ती वेत भिजवायची, चिरायची, पायाखाली दाबून वळवायची, आणि वळवताना त्याला शिव्याही द्यायची. आम्ही तिघीही उथळ आणि रुंद. पाव दारोदार नेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एकीवर एक बसतील अशा बेताने तिने आम्हाला विणले होते. खालचीवर मधली, मधलीवर मी. त्या दोघींना झाकणाची गरजच नव्हती, कारण वरचीचे बूड हेच खालचीचे झाकण. मी मात्र सगळ्यांच्या वर, आभाळाखाली. म्हणून म्हातारीने मला एकटीला झाकण करून दिले. ते बसवताना ती पुटपुटली, "वरच्याला झाकण हवंच बाई. उघड्यावर सगळ्यांचा डोळा."

आम्हाला नेले ते एका पाववाल्याने. अंगाने आडवा, बोलायला कमी आणि हाताने चपळ असा तो माणूस. पहाटे भट्टी पेटवायचा, उजाडताना पाव बाहेर काढायचा आणि आम्हाला डोक्यावर घेऊन निघायचा. खालच्या दोघींत रोजचे साधे पाव असत. माझ्यात लोण्याचे आणि तिळाचे खास पाव. तो जिने चढताना मान जराही हलवत नसे. "टोपल्या डोक्यावर आहेत की डोकं टोपल्यांखाली, कळत नाही," असे गिऱ्हाइके कौतुकाने म्हणत. दुपारी जेवून तो दुकानामागच्या खोलीत झोपायचा. जग जागे असताना झोपणाऱ्याला स्वप्नेही दुपारचीच पडतात.

त्याला एकच हौस होती. दुकानामागच्या मोकळ्या अंगणात दुसरी भट्टी बांधायची. विटा आणून रचून ठेवल्या होत्या. बायको त्या विटांवर धुतलेली फडकी वाळत घालायची आणि म्हणायची, "माझी भट्टी तयार झाली की फडक्यांना जागा नाही उरायची." 'माझी' म्हणायची, आणि तो हसायचा.

आता त्याच्या सासऱ्यांविषयी सांगते. ही सगळी मंडळी हिब्रू धर्मग्रंथ मानणारी. सासरे तर तो ग्रंथ मुलांना शिकवणारे गुरुजी. पानन् पान तोंडपाठ. त्यांना जावई हवा होता ग्रंथ वाचणारा, आणि लेकीने पसंत केला पीठ मळणारा. ते शल्य त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण रोज दुपारनंतर दुकानाच्या बाकावर बसून जावयाच्या पिठाळ हातांकडे ज्या नजरेने पाहायचे, ती नजर मी पाहिली आहे.

बाकावर बसले की गुरुजी गोष्टी सांगत. शेजारचा शिंपी हातातले काज सोडून ऐकायला येई. गुरुजींना स्वप्नांच्या गोष्टी फार प्रिय. एका तरुणाला स्वप्न पडले की भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीपुढे वाकल्या. ते त्याने भावांना सांगितले, आणि भावांनी त्याला खड्ड्यात टाकून पुढे परक्यांना विकले. तोच तरुण नंतर परदेशात तुरुंगात पडला. तिथे राजाला पेला देणारा सेवक आणि राजाचा पाववाला त्याच्यासोबत होते. दोघांनाही स्वप्ने पडली. पेलेवाल्याच्या स्वप्नात द्राक्षवेलीच्या तीन फांद्या होत्या. तरुण म्हणाला, तीन दिवसांत तुझी चाकरी परत मिळेल. पाववाल्याच्या स्वप्नात डोक्यावर तीन टोपल्या होत्या, आणि वरच्या टोपलीतले खाणे पाखरे खात होती. तरुण म्हणाला, तीन दिवसांत राजा तुला टांगेल आणि पाखरे तुझे मांस खातील. आणि तसेच झाले.

ही गोष्ट मी खुंटीवरून निदान वीस वेळा ऐकली असेल. वरच्या टोपलीचे नाव आले की माझे वेत आकसत. मित्रांनो, त्या गोष्टीत स्वप्न ऐकण्याआधी तो तरुण एक वाक्य बोलतो. स्वप्नांचा उलगडा करणे देवाचे काम नाही का, असे तो विचारतो. गुरुजी ते वाक्य घाईघाईने उरकायचे. टांगण्यापाशी आले की मात्र त्यांचा आवाज चढायचा.

एके दिवशी वळणावर पाववाला ठेचकाळला. माझे झाकण खाली पडले आणि हातगाडीच्या चाकाखाली त्याचा चुरा झाला. घरी बायको म्हणाली, "आजच त्या म्हातारीकडे जाऊन नवं करून आणा. तासाभराचं काम आहे."

"उद्या बघू," तो म्हणाला. तो उद्या कधी उगवला नाही. त्याने माझ्यावर फडके टाकले. फडके वाऱ्याने उडायचे आणि चिमण्या यायच्या, मग कावळे. डोक्यावरचे त्याला दिसणार कसे? चोचींचे घाव मला कळत होते, पण टोपलीला तोंड असते ते फक्त भरण्यासाठी.

आठव्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेच्या मोठ्या बाईंनी तिळाचा पाव हातात घेतला आणि चार शेजाऱ्यांसमोर त्याच्या पुढ्यात टाकला. "हे पाखरांचं उष्टं आम्हाला देता? लाज नाही वाटत?"

त्याने मान खाली घातली. इतक्या वर्षांत आम्ही तिघी पहिल्यांदाच डोक्यावरून घसरलो. घरी आल्यावर तो कुणाशी बोलला नाही, जेवलाही नाही. तसाच आडवा झाला आणि घामाघूम होऊन उठला. बाहेर बाकावर गुरुजी आणि शिंपी बसलेलेच होते.

"मामा," तो म्हणाला, "विचित्र स्वप्न पडलं. डोक्यावर तिन्ही टोपल्या होत्या. वरचीतून पाखरं पाव खात होती आणि मला हातच उचलता येईना."

शिंप्याने तोंडावर हात ठेवला. गुरुजी काही क्षण गप्प बसले. तेवढे क्षण त्यांच्या हाती होते. 'आज सकाळी काय झालं?' असे साधे विचारले असते तरी सगळा उलगडा झाला असता. पण त्यांना ग्रंथातले स्वप्न चालत दारात आलेले दिसले, आणि इतक्या वर्षांचे पाठांतर त्यांच्याने गिळवेना.

"जावईबापू, ग्रंथात लिहिलंय ते लिहिलंय. तीन टोपल्या म्हणजे तीन दिवस."

आतून बायको धावत आली. "बाबा, काय बोलताय हे! यांच्या डोक्यावर रोजच तीन टोपल्या असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! आणि कामाचा रगाडा फार झाला की स्वप्नं पडतात, हेही त्याच ग्रंथात आहे ना? स्वप्न म्हणजे भूस आणि देवाचा शब्द म्हणजे गहू, हेही तुम्हीच शिकवता ना?"

"अर्धवट ऐकलेलं मला शिकवू नकोस."

"बरं, मग आपल्यात रीत आहे ती तरी करा. वाईट स्वप्न पडलं की तीन माणसं समोर बसतात आणि 'तुझं स्वप्न चांगलं आहे' असं तीनदा म्हणतात. जाणती माणसं सांगायची, अर्थ लावू तसं स्वप्न फळतं. तुम्ही आहात, हे शिंपीदादा आहेत, तिसऱ्याला मी बोलावते."

"वाईटाला चांगलं म्हणू? मी काय इथं साखर वाटायला बसलोय?" असे म्हणून गुरुजी उठले आणि चालते झाले.

शिंप्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळले. पुढचे तीन दिवस दुकानात जत्रा लोटली. मरणारा माणूस कसा दिसतो ते पाहायला लोक आले आणि रिकाम्या हाती जाणे बरे दिसेना म्हणून पाव घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी पाववाल्याने अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि तो बाकावर बसून राहिला. बायकोने त्याचा हात धरला होता. दिवस मावळला. काहीही झाले नाही.

चौथ्या दिवशी तो उठला आणि भट्टीत लाकडे भरू लागला. मित्रांनो, ही गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्याच दिवशी गुरुजींच्या वर्गातल्या मुलांनी त्यांना विचारले, "गुरुजी, जावई कसे आहेत?" आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजी तडक दुकानात आले. मुलगी विधवा झाली नाही याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी शोधला. मला तो सापडला नाही.

ते म्हणाले, "ग्रंथात एका दिवसाला एक वर्ष असाही हिशेब आहे. तीन दिवस म्हणजे तीन वर्षं."

लाकूड पाववाल्याच्या हातातून गळून पडले. तीन दिवसांची भीती माणूस कशीबशी सोसतो. तीन वर्षांची त्याने कशी सोसावी?

त्या दिवसापासून त्याने टोपली डोक्यावर घेतली नाही. माझ्या एका बहिणीत कोळसा भरला गेला, दुसरीचे बूड पोतेऱ्यासारखे सडले. मला कोणी हात लावेना. अपशकुनी म्हणून मला अंगणाच्या भिंतीवर उलटे टांगले. विटा पावसात भिजून काळ्या पडल्या. बायकोने भट्टीचा विषय काढला की तो म्हणायचा, "जाणाऱ्या माणसाने पाया कशाला खणायचा?" तिने समजावले, रडली, भांडली. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याने दुकान आणि भट्टी चुलतभावाच्या नावावर करून दिली. आपल्या मागे त्याने बायकोला जन्मभर सांभाळावे, एवढीच अट. चुलतभाऊ डोळे पुसत सही करून गेला.

तिसरे वर्षही सरले. पाववाला जिवंत होता. केस पिकले होते, खांदे पडले होते, पण नाडी ठणठणीत चालली होती. तो चुलतभावाकडे गेला. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, दिलेलं कुणी परत मागतं का? पीठ मळायला मात्र येत जा. तुझा हात चांगला आहे." आणि आपल्याच भट्टीवर पाववाला नोकर म्हणून उभा राहिला.

ग्रंथातला पाववाला तिसऱ्या दिवशी मेला. आमचा पाववाला पहिल्याच दिवशी मेला आणि तीन वर्षांनी जिवंत सापडला. दोघांत जास्त दुर्दैवी कोण, ते तुम्हीच ठरवा.

त्याच आठवड्यात एका दुपारी गुरुजी घरी आले. पाठोपाठ शिंपी आणि आणखी एक म्हातारे गृहस्थ. गुरुजी आता काठी टेकत होते. अंगणात पाववाल्यासमोर तिघे ओळीने बसले आणि गुरुजी कापऱ्या आवाजात म्हणाले, "तुझं स्वप्न चांगलं आहे." मग तिघेही एकदम म्हणाले. असे तीनदा म्हणून झाले. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली.

पाववाल्याची बायको त्या रीतीकडे पाठ करून उभी होती. चुलतभावाच्या दुकानातून आलेल्या शिळ्या पावाचे तुकडे कशात ठेवावे म्हणून तिने मला भिंतीवरून काढले, ते तुकडे माझ्यात टाकले आणि मला त्या काळ्या विटांवर ठेवले. क्षणभरात चिमण्या उतरल्या. मागून एक कावळा आला. माझ्यात उभा राहून तो निवांत खाऊ लागला.

पाववाला बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, हे बघा. हेच माझं स्वप्न."

गुरुजींनी मान वळवली.

"त्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी पाव माझ्यापुढे टाकला होता. पाखरांनी उष्टावलेला. टोपलीला झाकण नव्हतं, मामा."

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?" गुरुजींनी विचारले.

"तुम्ही स्वप्न ऐकलंत. सकाळ कुणी विचारलीच नाही."

कावळ्याला हाकलावे असे कुणाला सुचले नाही. शिंपी सुई टोचल्यासारखा उठून गेला. बायको म्हणाली, "मी सांगत होते. तासाभराचं काम होतं." ती ओरडून बोलली असती तर बरे झाले असते.

मित्रांनो, मी आता अंगणातच असते. माझे वेत सुटत चालले आहेत. पाववाला संध्याकाळी कामावरून येतो आणि माझ्याशेजारी विटांवर बसतो. टोपल्या विणणारी म्हातारी कधीच वारली. नवे झाकण करून आणण्याइतका उत्साह आता त्या घरात कुणातच नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. कोणी आपले स्वप्न घेऊन तुमच्या दारी आले, तर तुमचे पाठांतर त्याच्या अंगावर ओतू नका. त्याला पाणी द्या, जवळ बसवा आणि आज सकाळी काय झाले ते विचारा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी उघडी टोपली असेल, तर आजच उठा आणि तिला झाकण करून आणा. तासाभराचे काम आहे.