मल्लारमची लक्ष्मम्मा

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार महिने झाले होते. उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये तहसीलातून शेषेराव नावाचे कारकून आले. कामावर इथले किती आणि बाहेरचे किती, एवढं त्यांना लिहून न्यायचं होतं.

मालक विरूपाक्षआप्पांनी बायांना आधीच बजावलं, "समद्यांनी उदगीरच सांगा. बाहेरच्या लई दिसल्या तर उद्या म्हणतील, काढा त्यांना."

बत्तीस बायांत अकरा जणी सीमेपलीकडच्या. कागदावर बाहेरच्यांपुढं शून्य पडलं. लक्ष्मम्मानंही "उदगीर" सांगितलं आणि तूर निवडायला बसली. पण हात चालेनात.

बहात्तरच्या दुष्काळात ती नवऱ्याबरोबर आंध्रातल्या नारायणखेडकडून जळकोटच्या तलावाच्या कामावर आली होती. दोन वर्षांनी नवरा तापानं गेला आणि ती उदगीरला मिलमध्ये लागली. गावी आई एकटी. उघड्या कपाळानं तिच्यापुढं कसं उभं राहायचं, या विचारातच आठ वर्षं सरली. गावाचं नाव तेवढं जवळ होतं, तेही आज आपल्याच तोंडानं टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती तहसीलात शेषेरावांपुढं उभी राहिली.

"सायेब, माझं गाव चुकलंय. मल्लारम लिवा."

"बाई, मालक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. माझी माय हाय तिथं."

"कधी गेली होतीस शेवटची?"

तिनं पदर कपाळावर ओढला. शेषेरावांनी शून्य खोडून एक लिहिला.

विरूपाक्षआप्पा चिडले, पण कामावरून काढलं नाही. तिनं आठ दिवसांची सुट्टी मागितली तेव्हा "जा, जाऊन ये" एवढंच म्हणाले.

देगलूरला गाडी बदलून ती दिवस मावळायच्या आत गावात पोचली. आई दारातच बसलेली. नजर अधू झालेली. तिनं लेकीच्या कपाळावरून हात फिरवला आणि तिला सगळं समजलं. रडून झाल्यावर तेलुगूत विचारलं, "तिथून यायला किती दिवस लागतात गं?"

"सकाळीच निघाले, अम्मा."



सहाव्या दिवशी लक्ष्मम्मा म्हणाली, "चल माझ्याबरोबर उदगीरला."

"मी आले तर तू कुणाकडं येशील?"

लक्ष्मम्मा एकटीच गाडीत बसली. गाडी वळली तरी आई हात वर करून उभीच होती, भलत्याच दिशेला तोंड करून.