उष्टी हळद

माझ्या गालांवर कांजण्यांचे खड्डे होते. जवळा बाजारचे पाहुणे बघायला आले तेव्हा वहिनीनं पावडरचा थर देऊन ते बुजवले. लग्न ठरलं आणि पावडर उतरली की खड्डे दिसतील, म्हणून माझा भाऊ रामप्रसाद घाबरला. मला नांदेडला नेऊन त्यानं माझ्या गालांवर लेझर करवून घेतलं.

डॉक्टर आम्हा दोघांना स्वच्छ सांगत होता, "वरची कातडी जाळलीय, खालची कोवळी आहे. तीन महिने ऊन नको, हळद-उटणं तर अजिबात नको. जखम चिघळेल."

दादा मान डोलवत होता. लग्न महिन्यावर आलेलं!

खोटं कशाला बोलू, खपल्या गेल्यावर गाल लालबुंद पण गुळगुळीत झाले. मी आरशापुढून हलेना.

हळदीच्या दिवशी नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याच्या बहिणी आमच्या गावी, गोरेगावला आल्या. ती नवरीनं तोंडाला लावून घेतली नाही तर नवरदेवाचा अपमान. मी दादाला बाजूला ओढलं. "दादा, तोंडाला नको म्हण त्यांना."

"काहून म्हणून इचारतील ना! गप बस."

बहिणींनी हनुवटी धरून भांडं घासावं तशी हळद घासली. मी किंचाळले, त्या हसल्या. रात्रभर गाल जळत राहिले, सकाळी पू वाहू लागला.

मांडवात नवरदेवाचा मामा ओरडला, "पोरीला रोग हाय! फसवलं आमाला!"

दादानं त्याचं थोबाड फोडलं. मग मांडवाचे बांबू उपसले गेले, डोकी फुटली, अक्षता रक्तात भिजल्या. वऱ्हाड नवरीविना परत फिरलं. दादानं शेळ्यांना पाला तोडायची कुऱ्हाड उचलली आणि जीपकडं धावला. "त्या डॉक्टरला तोडतो!"

मला भयंकर संताप आला. खरं बोलला त्यालाच हा मारणार होता. मी जीपपुढं उभी राहिले.

"डॉक्टरनं हळद नको म्हणलं व्हतं, दादा. तुह्या समोर. हे तू केलं."

गाव ऐकत होतं. त्यानं कुऱ्हाड टाकली आणि ओल्या गालावर सणसणीत ठेवून दिली. माझी कातडी त्याच्या तळव्याला चिकटून निघाली. तो हाताकडं बघतच राहिला, मग जीपच्या बॉनेटला धरून रडायला लागला.

"आता तुला कोण करून घेईल गं?"

मी कुऱ्हाड उचलली आणि बॉनेटवरच्या त्या हातावर घाव घातला.